गावपळणीतला खेळ

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि मला ते या वयातही जमत नाही. तेव्हा इथे माझा नवरा म्हणजे 'हे'. हे नट होते. आधी गिरणीत, मग नाटकांत, मग बोलपटांत. ज्यांनी यांना पडद्यावर पाहिलंय त्यांना मिशीला पीळ देणारा, कुळांना वाड्याबाहेर हाकलणारा एक सावकार आठवेल. घरात या सावकाराला स्वतःची चष्म्याची डबी सापडत नसे आणि ती शोधून देता देता माझा जन्म गेला. नटाच्या बायकोचं आयुष्य कसं असतं म्हणून कुणी विचारलं की मी हेच सांगते, पण लोकांना ते पटत नाही. त्यांना काहीतरी झगमगीत ऐकायचं असतं.

लग्न झालं तेव्हा हे मुंबईला गिरणीत होते. गावच्या पुरुषांनी मिळून एक खोली घेतलेली. पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, वळकटी भिंतीला लावून कामावर जायचं. तिथे बायको कुठे ठेवणार? म्हणून मी गावी, सासूबाईंजवळ. मालवणच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. घर जरा चढावर, भोवती चिऱ्यांचा गडगा, गडग्याच्या तोंडाशी दोन खांब. तिथे उभं राहिलं की खालची खाडी आणि तिच्यातून माणसं ने-आण करणारी होडी, आमच्याकडे तिला तर म्हणतात, ती दिसायची. मुंबईची बोट मालवणच्या बंदराला लागली की तिचा भोंगा आमच्यापर्यंत ऐकू येई, आणि मग काही वेळाने त्या बोटीची माणसं तरीतून अलीकडे उतरत. कुणाकुणाचे घोव, म्हणजे नवरे, कुणाचे झील, म्हणजे मुलगे. आमचे हे वर्षातून एकदा उतरत आणि पंधरवडाभर राहून परत जात. मूलबाळ अजून नव्हतं. शेजारणी त्यावरून खोचक बोलत. ते होणार तरी कसं, पत्रातून की काय, असं माझ्या अगदी ओठावर यायचं, पण सासूबाई जवळ असत.

सासूबाई बाईमाणूस म्हणून चांगल्या. मला कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. पण एक गोष्ट त्यांनी मनात पक्की धरली होती. घर बंद पडता कामा नये. देवाकडचा दिवा विझता कामा नये, चुलीतला निखारा मरता कामा नये. सासरे गेल्यापासून त्यांनी एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. माहेरी भाच्याचं लग्न झालं तरी अक्षता टाकून दिवे लागायच्या आत घरी परत. मी मुंबईचा विषय काढला की त्या पानाला चुना लावता लावता म्हणत, "माका आज-उद्या काय झाला, तर देवाकडे दिवो कोण लावतलो? तू थंय आणि घराक कुलूप? माज्या जिवात जीव आसा तवसर ता होवचा नाय." एवढं बोलून पान तोंडात टाकत, म्हणजे विषय संपला.

त्यात तो जिना आला.

त्याचं असं झालं. हे बोलपटात दिसायला लागले तसं मालवणात तंबूत त्यांचं चित्र लागलं. वाडीतले एक आजोबा, यांच्या वडिलांचे जुने सोबती, मुद्दाम तरीतून गेले आणि बघून आले. आल्यावर घरी न जाता तडक आमच्या पडवीत. काय सांगू त्यांची ती ऐट. जणू स्वतःच सावकार होऊन आले. म्हणाले, "तुज्या झिलान काय घर बांधल्यान गो! ह्यो एवडो जिनो. वरसून झील खाली येता, हातात काठी, आणि खाली चार गडी हात जोडून उबे." दुसऱ्या दिवशी आणखी चारजण जाऊन आले. त्यांनीही जिना पाहिला. एकाने तर यांना नोट पेटवून तिच्यावर विडी शिलगावताना पाहिलं होतं. झालं. गावात यांचा बंगला झाला, गडी झाले, नोटांच्या काड्या झाल्या. ज्याच्या त्याच्या तोंडी आमचा जिना. कुणाची म्हैस आटली तरी तो माणूस आमच्याकडे बघून सुस्कारा टाकायचा.

मी सासूबाईंना सांगून बघितलं की बोलपटात सगळं खोटं असतं. त्या म्हणाल्या, "झील माजो खरो ना? मग जिनो खोटो कसो?" आणि मग त्यांनी माझ्याच गळ्याला फास लावला. "थंय चार गडी आसत त्येका रांधून घालूक. तुजा थंय काय काम? हंय माका कोण आसा?" म्हणजे हे गरीब होते तेव्हा मुंबईत जागा नाही म्हणून मी गावी, आणि हे श्रीमंत झाले तेव्हा मुंबईत माझी गरज नाही म्हणून मी गावीच. अशी ही माझी श्रीमंती. मी चुलीशी बसून भांडी आपटायची, सासूबाई पडवीतून विचारायच्या, "काय पडला गो?" मी म्हणायची, "काय नाय, वाटी."

यांनीही कधी तो जिना पाडला नाही. गावी आले की आजोबा विचारायचे, वरती किती खोल्या रे? हे नुसते हसायचे. पुरुषाला ते बरं वाटतं, मला काय कळत नाही? गिरणीतल्या माणसाला सगळं गाव बंगलेवाला म्हणतंय, तर तो कशाला नाही म्हणेल? पण त्या हसण्यापायी मी चुलीशी अडकले होते, आणि ते मी यांना एकदा चांगलंच ऐकवलं.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मार्गशीर्षात हे आले. विहिरीवर मी कळशी घासत होते, तिथे येऊन हळूच म्हणाले, "खोली मिळाली. सोताची. एकच आसा, पण कडी आतसून लावची. तुका घेऊन जातंय." माझ्या हातातली कळशी गडगडत खाली गेली. मी विचारलं, आईंना कधी सांगणार? तर पडद्यावरचा हा सावकार पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला. आज सांगतो, उद्या सांगतो. सासूबाईंसमोर गेले की विचारायचे, "आये, पान हाडू?" मला हसू यायचं आणि रडूही. परतीची बोट जवळ येत होती. ती बोट गेली की मी आणखी एक वर्ष त्या खांबाशी.

आणि नेमका तेव्हाच देवाने गावपळणीचा कौल दिला.

आमच्याकडे काही काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो, ढोल वाजतो, आणि सगळा गाव गाव सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, आजारी माणूस असेल तर खाटेसकट. हिंदू, मुसलमान, सगळे. शिवेच्या पलीकडे माळावर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी घालायच्या आणि तीन दिवस तिथे राहायचं. तेवढे दिवस गावात दिवा नाही, चूल नाही, माणसाचा आवाज नाही. गाव देवाचा. मग पुन्हा कौल घ्यायचा, आणि देव 'या' म्हणाला की परत जायचं.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी चुलीवर पाणी ओतलं. निखारे चुर्र झाले. मग देवासमोर हात जोडून त्यांनी दिव्याची वात खाली ओढली. मी दारात बोचकं घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, बघा, विझला. देवानेच विझवायला लावला. पण बोलले नाही. देवाच्या कामात आपलं घोडं पुढे दामटू नये एवढं कळत होतं. सासूबाईंनी दाराला नुसती कडी घातली, कुलूप नाही, आणि दाराला हात लावून म्हणाल्या, "सांभाळ रे म्हाराजा."

माळावर गेलो तर सगळा गावच पसरलेला. ज्यांच्या घरच्या वाटा दोन पाणंदी लांब, त्यांच्या खोपी एकमेकींना टेकलेल्या. कोण काय रांधतंय ते वासावरून कळत होतं. पलीकडे आजोबांची खोप. ते आल्या आल्या यांना म्हणाले, "झिला, तुका हंय जमात काय? तुका गाद्यांची सवय." यांनी काठ्या रोवल्या, झाप बांधले, आणि त्या एवढ्याशा जागेत बघता बघता सगळं बसवलं. इकडे वळकट्या, तिकडे भांडी, वर दोरी बांधून तिच्यावर कपडे, सासूबाईंना पाय पसरायला मोकळी जागा. मी वाकून आत गेले तर माझ्या स्वयंपाकघरात नसेल इतकी टापटीप. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरांकडून परत आले तेव्हा यांनी तीन दगडांची चूल मांडून पेज उतरवली होती आणि सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर टाकला होता. फडक्याने तपेलं कसं धरायचं, झाकण किती सरकवायचं, सगळं सराईत.

सासूबाई टक लावून बघत होत्या. पेजेचा पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "रांधूक कोणी शिकवल्यान तुका?"

"कोण शिकवतला? खोलयेत सगळ्यांची पाळी आसता."

"आणि गडी?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. आता सुटका नाही म्हटल्यावर माणूस बोलतो तसे हे बोलले. "गडी माजे न्हय, आये. त्येंका दिवसाचो रोज मिळता, माका पण तसोच मिळता. संध्याकाळी आमी सगळे एकाच खानावळीत जेवतंव."

सासूबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. "आणि जिनो?"

"लाकडाचो. वयल्या पायरीवर एक फळी, तिच्यावर उबो ऱवान 'खाली ये' म्हणतत त्येची वाट बघूची. फळयेच्या मागे काय नाय. माका वर चढूक मागसून शिडी लावलेली."

आजोबा शेजारच्या खोपीतून हे सगळं ऐकत होते, ऐकणारच, मध्ये होता तो झाप. त्यांनी झाप बाजूला सारून तोंड आत घातलं. मला वाटलं, आता म्हातारा फसवलंस म्हणून बोल लावणार. ते म्हणाले, "फळी मोडली तर पडशील मरे. जपान ऱव." आणि झाप परत लावून घेतला. त्या माणसाचा मला त्या क्षणी इतका लोभ वाटला की मी यांच्या वाट्याचा बांगडा उचलून त्यांना नेऊन दिला.

सासूबाई दिवसभर पान खात बसल्या. एकदाच यांच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणान बारीक झालंस." मला आशा वाटली. वाटलं, आता हे विचारतील. पण हे उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. आमच्या घरातल्या पुरुषांना बोलायचं असलं की गुरांना तहान लागते.

तिसऱ्या दिवशी माळावर लोकांना करमेना. भजनं झाली, फुगड्या झाल्या, बारक्यांची भांडणं झाली. उन्हं कलल्यावर सगळे यांच्या मागे लागले. एवढा नट गावात, नाही, गावाबाहेर, आहे आणि खेळ नाही म्हणजे काय? सावकार करून दाखव. हे म्हणाले, सावकार नको, तो मला सांगतात तसा करतो. मी माझ्या मनाचं करतो. गिरणीच्या नाटकात ज्याच्यावर मला पदक मिळालं ते.

मला एवढंच ठाऊक होतं की गिरणीत सुरुवातीला हे बायकांची कामं करत. कुठल्या तरी बाईच्या कामावर पदक मिळालं, ते बघून एका बोलपटवाल्याने यांना बोलावलं. बाईचं काम बघून त्या माणसाला सावकार कसा दिसला, देव जाणे. यांचं नाटक मी कधी बघितलं नव्हतं. मी बघणार कुठे? यांनी खोपीत डोकं घालून माझं लुगडं मागितलं. धुतलेलं एकच उरलं होतं. मी म्हटलं, "मळवशात तर बघा." हे तेच लुगडं घेऊन गेले, आणि मागून पाणी भरायची कळशीही नेली.

माळावर लोक गोल करून बसले. सासूबाई पुढे, पानाची पिशवी मांडीवर. मी जरा मागे, बायकांत. हे खोपीमागून आले ते नऊवारी नेसून, माझ्यापेक्षा चापूनचोपून. पोरं हसली. यांनी कुणाकडे बघितलं नाही. कळशी कमरेवर घेतली आणि चढ चढायला लागले. माळ सपाट होता, पण चढ दिसला. दम लागला. मध्ये थांबून कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली, आणि ती घेताना खांदा असा उडवला की माझ्या शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. मला अजून काही कळलं नव्हतं. मग हे थबकले. लांबून भोंगा वाजला असावा. यांनी तो वाजवला नाही, नुसतं ऐकलं, पण आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला. कळशी खाली ठेवली. हात पदराला पुसले. एक हात खांबावर ठेवला, दुसरा कपाळावर आडवा धरला आणि खाली बघत राहिले.

तो खांब आमच्या गडग्याचा होता.

खाली तर लागली. माणसं उतरायला लागली. यांच्या ओठांची बारीक हालचाल होत होती, उतरणाऱ्यांना ओळखत होते. ह्यो त्येंचो. ह्यो त्येंचो. तर रिकामी झाली तरी हात कपाळावरून खाली येईना. मग हात एकदाचा खाली आला. आणि आता कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून ही बाई गर्रकन वळली आणि पायाशी चरणाऱ्या कोंबडीवर ओरडली, "गो मेल्ये, तुका दुसरी जागा नाय? सारखी वाटेत!" कोंबडीला हुसकून, कळशी उचलून, नाक वर करून घरात गेली.

माळावर हशा पिकला. सासूबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. त्या रोज ऐकत आल्या होत्या ना, मी कोंबडीवर करवादते ते. बोट आली की ही सून कोंबडीवर का चिडते, एवढं मात्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं, कारण तेव्हा त्या आत दिवा लावत असायच्या. हसता हसता त्यांचा पानाचा हात वाटेतच थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं. पोराकडे नाही, माझ्याकडे. मी तोंडाला पदर लावला. बायका हळूहळू गप्प झाल्या, कारण त्यांतल्या निम्म्यांच्या घरी खांब होता आणि कोंबडी होती. मला इतकं उघडं पडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. आणि इतकं कुणी मला नीट बघितलंय असंही कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकदम वाटलं आणि मी उठून खोपीमागे जाऊन पोटभर रडले.

हे लुगडं परत द्यायला आले तेव्हा मी त्यांना धारेवर धरलं. "तुमी खंय बघितलात? तुमी नसतास तेवाच मी थंय उबी ऱवतंय."

हे लुगड्याची घडी घालत राहिले. मग सांगितलं. एका वर्षी यांची बोट चुकली. तेव्हा हे एस. टी. ने घाट उतरून आले आणि मागच्या डोंगराच्या वाटेने चालत घरी पोचले. बोटीच्याच वेळेला. काजीच्या, म्हणजे काजूच्या झाडाच्या, आडून बघितलं तर मी खांबाशी.

"आणि हाक मारूक नाय?"

"हाक मारलंय असतंय तर तू तशी ऱवली नसतंस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिकडे खाडीत डोळे लावून उभी, आणि हा माणूस माझ्या पाठीमागे, वीस पावलांवर, झाडाआड उभा राहून माझं नाटक करून घेतोय. मी म्हटलं, "म्हणजे तुमचा पदक माजा. तो जिनो पण माजो." हे म्हणाले, "होय. पयली पायरी तुजीच." मग खाली बघून म्हणाले की त्या दिवशी ते बराच वेळ त्या काजीखाली बसून रडले, आणि तेव्हापासून खोली शोधत होते. गिरणीतल्या माणसाला मुंबईत खोली मिळायला वर्षं लागतात. मला राग धरायचा होता, चांगला दोन-तीन दिवस पुरेल इतका, पण तो धरता येईना.

सकाळी देवाने कौल दिला. ढोल वाजले, गाव गावात परत निघाला. घरी आलो तर सगळं जागच्या जागी. अंगणात माडाची एक झावळ पडलेली, तेवढंच. कडी काढली, आत गारठा, चूल काळी, दिवा कोरडा. सासूबाई बराच वेळ देवासमोर उभ्या राहिल्या. मग दिव्यात तेल घातलं, वात वर केली, काडी ओढली. दिवा लागला. कालपरवापर्यंत जळत होता तसाच.

"ऱवला मरे घर," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे, देवाला असेल.

हे दारात उभे होते. मी यांच्या पाठीत बोट खुपसलं. यांनी घसा खाकरला, तेवढ्यात सासूबाईंनीच तोंड उघडलं, पाठमोऱ्या राहूनच. "येतल्या बोटीन हिका घेऊन जा. सावकार झालो तरी आवशीकडे तोंड उगडूक जमणा नाय." मग माझ्याकडे वळल्या. "तू जा गो. माका दिसूक नाय कधी. दिवो मी लावतंय, मी काय मेलंय नाय." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडावरून हात फिरवला. तळहाताला कात-चुन्याचा वास होता. मला अजून कुठे तो वास आला की मी मागे वळून बघते.

पुढचं फार लांबत नाही. त्या एका खोलीतून आम्ही दोन खोल्यांत गेलो, मग दादरकडे. गिरणी सुटली, यांना नाटकांतही चांगली कामं मिळाली, जुनी का होईना पण मोटार आली. मुलं झाली, दोन. मोटार यांनी एकदा हौसेने गावी आणली, तर खाडीपलीकडेच वडाखाली ठेवावी लागली, आणि गाव तरीतून जाऊन ती बघून आला. आजोबांनी आधी दार वाजवून पाहिलं, लाकडाची नाही ना म्हणून. सासूबाई पावसाळे आमच्याकडे काढायला लागल्या. दाराला कडी घालायची, सांभाळ रे म्हाराजा म्हणायचं, बोटीत बसायचं. एकदा तर कोंबडी टोपलीत घालून घेऊन आल्या. बाकी मला पैशाअडक्याची श्रीमंती विचारू नका. होती तेव्हा होती, नव्हती तेव्हाही आमचं चालत होतं.

पण मला आठवतो तो निघायचा दिवस. सासूबाई खाडीपर्यंत आल्या नाहीत. गुरं सोडायची आहेत म्हणाल्या. गुरं तर सकाळीच सोडली होती. आम्ही ट्रंक घेऊन उतरलो, तरीत बसलो, तांडेलाने बांबू टेकवला. तर मधोमध आली तेव्हा मी मागे वळून बघितलं. चढावर, गडग्याच्या तोंडाशी, त्या उभ्या होत्या. एक हात खांबावर. दुसरा कपाळावर आडवा. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या एकदम वळल्या आणि पायाशी काहीतरी हुसकायला लागल्या.

मी यांच्याकडे बघितलं. हेही तिकडेच बघत होते, डोळे बारीक करून, मान किंचित कलती. मला ती नजर आता कळायला लागली होती.

"बघतास?" मी विचारलं.

"बघतंय."

"नुसते बघू नकात. हात करा."

हे तरीत उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागले. तर डुगडुगली, तांडेल यांच्यावर ओरडला, माझी ट्रंक घसरली. हे काही बसेनात. वर सासूबाईंनी कोंबडीचा नाद सोडला, आणि खांबावरचा हात उचलून आमच्याकडे हलवला.